शहर ज्यांच्या दारी चालत आले

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ११ लाख ९३ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १२ लाख ४७ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ झाली ती साडेचार टक्क्यांच्या आसपास. त्याच दहा वर्षांत शेजारच्या ठाणे महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ६२ हजारांवरून १८ लाख ४१ हजारांवर गेली. ठाण्यात शहर जवळजवळ दीडपट होते आणि कल्याण-डोंबिवलीत ते जागच्या जागी थांबते, असे हे आकडे सांगतात. त्या दशकात डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय चालले होते ते ज्याने पाहिले आहे, त्याला यावर हसू येईल.

उलगडा सोपा आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी ही महापालिका स्थापन झाली तेव्हा कल्याण आणि डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची बरीच गावे तिच्यात घातली गेली. १९९२ साली अंबरनाथ आणि बदलापूर वेगळी झाली. २००२ साली आंदोलनानंतर २७ गावे बाहेर काढली गेली. निळजे, काटई, कोळे, हेदुटणे, माणगाव, भोपर, संदप, उसरघर, सागाव, सोनारपाडा, दावडी, गोळवली, पिसवली, भाल, द्वारली, वसार ही त्यांतली काही नावे. १ जून २०१५ रोजी ती पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे २००१ साली मोजलेले शहर आणि २०११ साली मोजलेले शहर ही एकच वस्तू नव्हती. माणसे वाढतच होती, रेषा सरकली होती. हे आकडे एकाखाली एक मांडून 'डोंबिवलीची वाढ मंदावली' असे निष्कर्ष काढलेले मी वाचले आहेत.

पण मला इथे आकडेमोडीतली चूक दाखवायची नाही. एकाच बांधावर उभा असलेला माणूस चाळीस वर्षांत शहरवासी झाला, गावकरी झाला आणि पुन्हा शहरवासी झाला, आणि या सगळ्यात तो एक पाऊलही हलला नाही. नागरीकरणाचे जे समाजशास्त्र आपण पाठ्यपुस्तकांतून आणि मराठी नियतकालिकांतून वाचत आलो, त्यात या माणसाला जागा कुठे आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. माझ्या वाचनात तरी ती फारशी सापडत नाही. त्याचे कारण विद्वानांच्या हलगर्जीपणात नाही, मांडणीच्या मुळातच आहे.

शहराचे समाजशास्त्र जन्माला आले ते बाहेरून येणाऱ्या माणसाकडे पाहत. गेओर्ग झिमेल यांचा १९०३ चा निबंध महानगरातल्या गर्दीने, गतीने आणि पैशाच्या व्यवहाराने माणसाच्या मनावर काय घडते याचा आहे. बर्लिन त्यांच्या डोळ्यांसमोर होते. शिकागोच्या अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ मध्ये शहराची वर्तुळे काढली. मध्यभागी व्यापारपेठ, तिच्याभोवती नव्याने आलेल्या गरीब स्थलांतरितांची मोडकळीला आलेली वस्ती, मग कामगारांची, मग मध्यमवर्गाची, आणि सर्वांत बाहेर रोज ये-जा करणाऱ्यांची. माणूस बाहेरून येतो, मध्याशी उतरतो आणि पिढ्यांगणिक बाहेरच्या वर्तुळांकडे सरकतो, असा हा प्रवास. लुई वर्थ यांनी १९३८ मध्ये शहराची जी व्याख्या केली ती आजही परीक्षेला विचारली जाते: मोठी संख्या, दाट वस्ती, स्थायी स्वरूप आणि माणसामाणसांतला सामाजिक वेगळेपणा. यातून नाती उथळ होतात, कुटुंब आणि शेजार सैल पडतो, माणूस माणसाला त्याच्या कामापुरता ओळखतो. रॉबर्ट रेडफिल्ड यांनी मेक्सिकोतल्या युकातानमध्ये लोकसमाजापासून शहरापर्यंतची चढती पट्टी लावली. या पट्टीवरही माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो.

१९५० ते १९९० या काळातल्या डोंबिवलीच्या एका भागाला हे सगळे बऱ्यापैकी लागू पडते. गिरगाव, दादर, परळ इथल्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्या अपुऱ्या पडल्या. भाडेनियंत्रणामुळे मुंबईत भाड्याची नवी घरे बांधणे कुणाला परवडेना. कल्याणपर्यंत तर रेल्वे १८५४ सालीच आलेली. मग बँकेत, सरकारी कचेरीत, गिरणीच्या हपिसात नोकरी करणारा माणूस लोकलच्या पासावर भरवसा ठेवून डोंबिवलीत 'ब्लॉक' घेऊ लागला. सकाळी जायचे, रात्री यायचे. बर्जेस यांच्या शेवटच्या वर्तुळातला माणूस तो हाच. 'डोंबिवली फास्ट' (२००५) या चित्रपटाचा नायक बँकेत काम करणारा, लोकलने जाणारा-येणारा आहे, आणि डोंबिवली म्हटल्यावर महाराष्ट्राच्या मनात उभे राहते ते असेच चित्र. शास्त्रीय संगीताच्या मैफली, व्याख्यानमाला, वाचनालये, १९९९ पासूनची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, 'सांस्कृतिक नगरी' ही बिरुदावली, हे सारे त्याने उभे केले आणि ते खरेही आहे. (जाता जाता: शहरात परंपरा विरघळते असे रेडफिल्ड म्हणतात, पण ही स्वागतयात्रा शहरात जन्मली आणि इथून राज्यभर गेली. उलटी गंगा.)

मात्र हा ब्लॉक ज्या जमिनीवर उभा राहिला तिच्यावर काल कुणीतरी भात लावत होता. तो कुठे गेला? कुठेच नाही. तो तिथेच राहिला.

ठाणे-कल्याण पट्ट्यातला हा माणूस बहुतांशी आगरी समाजाचा. मिठागर म्हणजे आगर, आणि त्यावरून आगरी. खाडीचे मीठ, खाडीची मासळी आणि पावसाळी भात हा त्याचा चरितार्थ. त्याच्याबरोबर कोळी आहेत, कुणबी आहेत, आणि ज्यांच्या नावावर सातबारा कधीच नव्हता असे कातकरी आणि ठाकूरही आहेत. 'भूमिपुत्र' हा शब्द उच्चारताना या शेवटच्या दोघांची आठवण क्वचितच होते, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन'. त्या दिवसापासून कसेल त्याची जमीन झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणारी कुळे कागदावर मालक होऊ लागली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६२ साली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली आणि डोंबिवलीतही साठच्या दशकातच एमआयडीसी आली. या दोन तारखांमधले अंतर तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत पाहावे. एका पानावर कुळाचे नाव मालक म्हणून चढते आणि त्याच शाईच्या उजेडात पुढे संपादनाची नोंद येते. एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत भीषण स्फोट झाले. तेव्हा कारखाने आधी की वस्ती आधी, यावर वर्तमानपत्रांतून मोठा वाद रंगला. सोनारपाडा आणि सागाव ही गावे दोहोंच्या आधीची आहेत, ही गोष्ट त्या वादात जवळपास कुणीच आणली नाही.

नेवाळीची गोष्ट याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने विमानाच्या धावपट्टीसाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, पण जमीन परत आली नाही. जून २०१७ मध्ये तिथे आंदोलन पेटले तेव्हा मुंबईत अनेकांना नेवाळी हे नावही नवे होते. त्याच युद्धासाठी कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. ही निर्वासितांच्या जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण छावणी कुणाच्या रानात पडली होती, हा प्रश्न त्या कहाणीच्या अगोदरचा आहे.

तेव्हा या भागात दोन नागरीकरणे चालू होती. एकात माणूस शहराकडे गेला. दुसऱ्यात शहर माणसाकडे आले. पहिल्याचे शास्त्र आहे. दुसऱ्यासाठी आपल्याकडे 'प्रकल्पग्रस्त', 'अतिक्रमण', 'अनधिकृत' असे प्रशासनाचे शब्द आहेत.

हर्बर्ट गॅन्स यांच्या १९६२ च्या प्रसिद्ध ग्रंथाचे नाव 'द अर्बन व्हिलेजर्स' आहे. नाव वाचून मी मोठ्या आशेने तो मिळवला. पण त्यातले 'शहरी गावकरी' हे बॉस्टनमधले इटालियन वंशाचे लोक आहेत. वर्थ यांच्या मांडणीला गॅन्स यांनी दिलेला छेद महत्त्वाचा आहे: दाट शहरातही नात्यागोत्याचा घट्ट शेजार टिकतो, हे त्यांनी दाखवून दिले. तरी त्यांचाही माणूस समुद्र ओलांडून आलेल्यांच्या घरातलाच.

आपल्याकडे तरी वेगळे पाहिले गेले का? मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू केला तो पॅट्रिक गेडिस यांनी. शेजारशेजारची गावे-नगरे वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि त्यांची एक साखळी होते, त्या साखळीला 'कॉनर्बेशन' हा शब्द याच गृहस्थांनी १९१५ मध्ये दिला होता. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण या साखळीसाठी इतका चपखल शब्द देणारा माणूस मुंबईतच शिकवत होता. त्यांच्यानंतर आलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९६३ मध्ये पुण्याजवळच्या हवेली तालुक्याचा अभ्यास 'रुरर्बन' समाजाची चिकित्सा म्हणून प्रसिद्ध केला. रुरर्बन म्हणजे अर्धे ग्रामीण, अर्धे नागर. १९६५ मध्ये इरावती कर्वे आणि जयंत रणदिवे यांनी फलटण आणि भोवतालच्या गावांवर ग्रंथ लिहिला. मोठ्या शहराच्या छायेतली गावे हा विषय आपल्या विद्वानांनी साठ वर्षांपूर्वीच ओळखला होता, याचा मला अभिमान वाटतो. मात्र त्या अभ्यासांत गाव आणि शहर यांच्यात देवाणघेवाण आहे: दूध जाते, भाजी जाते, मुलगा कॉलेजात जातो. शहर गावाच्या अंगावर येऊन बसते आणि गाव त्याच्या पोटात तसेच शिल्लक राहते, ही अवस्था तेव्हा त्यांच्यासमोर नव्हती. या अवस्थेच्या सर्वांत जवळ येतात ते टेरी मॅक्गी. इंडोनेशियन भाषेतल्या 'देसा' म्हणजे गाव आणि 'कोटा' म्हणजे शहर या शब्दांवरून त्यांनी 'देसाकोटा' ही संज्ञा रूढ केली. दाट भातशेतीच्या प्रदेशात, महानगरांच्या मधल्या पट्ट्यात, माणसे गाव न सोडता बिगरशेती कामात शिरतात आणि शेत व कारखाना शेजारी नांदतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. भात, खाडी, दाट वस्ती हे सगळे आपल्याकडेही जुळते. फरक इतकाच की त्यांच्या चित्रात शेत शिल्लक आहे.

आता आपल्या जनगणनेची व्याख्या घेऊ. कायद्याने नगरपालिका नसलेल्या गावालाही जनगणना 'नगर' ठरवते. लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, या त्यासाठीच्या अटी. अशी 'जनगणना-नगरे' देशात २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. २००२ नंतर पुन्हा ग्रामपंचायतींत गेलेल्या २७ गावांपैकी काही गावे या व्याख्येत बसली. ग्रामविकास खात्याच्या लेखी गाव, जनगणनेच्या लेखी शहर आणि नियोजनासाठी एमएमआरडीएच्या ताब्यात, असे त्यांचे तिहेरी अस्तित्व होते.

या व्याख्येतला 'पुरुष' हा शब्द मला खटकतो. भाताची लावणी करणारी, खाडीची मासळी बाजारात बसून विकणारी, परसातली भाजी डोंबिवली स्टेशनबाहेर आणणारी आगरी-कोळी बाई गाव शहर झाले की नाही हे ठरवताना मोजलीच जात नाही. आणि जमिनीला भाव आल्यावर तिची आठवण होते ती हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती. बहिणींनी भावांच्या नावे सोडलेल्या हक्कांचा हिशेब कुणी मांडला, तर या पट्ट्यातल्या नागरीकरणाचा एक वेगळाच इतिहास लिहिता येईल. दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत त्याची साधने पडून आहेत.

भूमिपुत्राची बाजू मांडणारे लेखन आपल्याकडे आहे, पण त्यात तो नेहमी लुटला गेलेला असतो. हे चित्रही अपुरे आहे. या माणसाने शहर नुसते सोसले नाही, ते बांधले. उरलेल्या जमिनीवर त्याने चाळी बांधल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या, ब्लॉक न परवडणाऱ्या कामगाराला घर दिले ते सरकारी गृहनिर्माणापेक्षा कितीतरी अधिक याच माणसाने. पुढे चाळीच्या जागी चार मजले, मग सात मजले झाले. कुणी रेतीच्या धंद्यात गेला, कुणी बिल्डर झाला, कुणी नगरसेवक. हळदीच्या समारंभाला लाखांचा खर्च करणारा बंगल्याचा मालक आणि त्याच गावात एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणारा त्याचा चुलतभाऊ हे दोघेही 'भूमिपुत्र' आहेत. त्यांचे हित एक नाही.

ही घरे अनधिकृत आहेत, असे म्हणतात. बरीचशी आहेतच. पण अनधिकृतपणाही रेषेबरोबर सरकतो. गावठाणाच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हाची कुटुंबे आता चौपट झाली, आणि हद्द तशीच राहिली. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभे राहिलेले घर नियोजन प्राधिकरण बदलताच संशयित ठरते. ठाण्यात क्लस्टर योजना आली तेव्हा गावठाणे आणि कोळीवाडे तिच्यातून वगळा, ही मागणी याच भीतीतून झाली. दुसऱ्या बाजूला फसवणूकही खरी आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरात नोंदवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्यांत कर्ज काढून घर घेणारा बहुधा बाहेरून आलेला होता. ठाणे महापालिकेच्या हद्दीत शीळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळलेल्या इमारतीत ७४ माणसे मेली. मेलेल्यांत बहुतेक कष्टकरी होते. 'स्थानिक विरुद्ध परका' या साच्यात हे बसत नाही. जमीन कुणाच्या नावावर आणि जोखीम कुणाच्या अंगावर, या प्रश्नाला मात्र ते थेट भिडते.

मग २७ गावांचा हट्ट काय होता? संघर्ष समितीची मागणी 'आम्हाला शहर नको' अशी नव्हती. तिला स्वतःची नगरपालिका हवी होती. शहरी माणसांना हे कोडे वाटते. पाणी, रस्ते, दिवे हवेत तर महापालिकेत यायला हरकत का, असे ते विचारतात. महापालिकेत आल्यावर मालमत्ता कर वाढला, आणि पाणी मात्र पूर्वीसारखेच अपुरे राहिले, असे गावांचे म्हणणे. मे २०२२ मध्ये संदप गावाजवळच्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यावर कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. गाव महापालिकेत येऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती. तिथून जवळच, कल्याण-शीळ रस्त्यावर, पलावासारखी नगरे जाहिरातींत तलाव आणि कारंजी दाखवत होती. या पट्ट्याला पाणी येते ते एमआयडीसीच्या बारवी धरणाचे, आणि त्या धरणासाठी मुरबाडकडची गावे उठली, ही आणखी एक कडी. वर्थ यांच्या कसोटीवर संदप केव्हाच शहर आहे: संख्या आहे, घनता आहे, वेगवेगळ्या प्रांतांची माणसे आहेत. नळाला पाणी ही गोष्ट त्यांच्या व्याख्येत नाही. कारण १९३८ च्या शिकागोत शहर म्हटले की नळ गृहीतच होता.

साहित्याच्या वाचकांना एक प्रसंग आठवत असेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. स्थळ होते ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल. सावळाराम महाराज हे आगरी समाजात वारकरी कीर्तनाची परंपरा रुजवणारे सत्पुरुष. त्या संकुलात उभारलेल्या नगरीला नाव दिले पु. भा. भावे यांचे. ते विदर्भातून येऊन डोंबिवलीत स्थायिक झालेले लेखक. आणि यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम. जमिनीचे नाव एकाचे, मंडपाचे दुसऱ्याचे आणि खर्चाचा भार उचलणारा पहिल्याच्या घरचा. संमेलनाच्या निमित्ताने डोंबिवलीच्या सांस्कृतिक इतिहासावर भरपूर छापून आले. त्यांपैकी जे मी वाचले त्यात हा इतिहास बहुतेक वेळा ब्लॉकपासून सुरू होत होता. यजमानांचे कौतुक त्यांच्या आयोजनकौशल्यासाठी झाले. त्यांची बोली, त्यांची धवलगीते, लग्नात ती गाणाऱ्या धवलारिणी, गावदेवीच्या जत्रा हे डोंबिवलीच्या संस्कृतीचे पहिले प्रकरण आहे, असे म्हणायला फारसे कुणी धजले नाही. श. ना. नवरे यांच्या कथांतले मध्यमवर्गीय घर आणि शेजारच्या गावठाणातले घर यांत अंतर चालत दहा मिनिटांचे असेल. मराठी समीक्षेला ते अजून ओलांडायचे आहे.

या पट्ट्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुण संशोधकांना मी सुचवीन की सुरुवात स्टेशनपासून करू नये. गावठाणाच्या नकाशापासून करावी. एक गाव घ्यावे, भोपर घ्या किंवा निळजे घ्या, आणि त्याचे १९५७ पासूनचे फेरफार क्रमाने वाचावेत. कूळ, वारस, हक्कसोड, संपादन, बिनशेती, विकासकरार अशा नोंदी एकामागून एक येतात. मग त्याच गावातल्या चाळींतल्या भाडेकरूंना ते कधी आणि कुणाच्या ओळखीने आले ते विचारावे. जमीनमालक आणि भाडेकरू एकाच अभ्यासात आणल्याशिवाय हे शहर दिसणार नाही. आजवर एकाचा अभ्यास भूमिहक्काच्या चळवळीखाली आणि दुसऱ्याचा स्थलांतराखाली, अशा दोन वेगळ्या कपाटांत होत आला आहे.

एक काम तर लगेच करण्याजोगे आहे. लांबलेली जनगणना आता २०२७ साली होत आहे. तिचे आकडे येतील तेव्हा कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या एकदम उसळलेली दिसेल, कारण दरम्यान २७ गावे पुन्हा आत आली आहेत. २००१ ते २०११ मध्ये ज्यांना वाढ ठप्प दिसली त्यांनाच या वेळी विस्फोट दिसेल आणि त्याचे खापर परप्रांतीयांवर फोडले जाईल. तो आकडा १२ लाख ४७ हजारांशी ताडून पाहण्यापूर्वी २०११ च्या ग्रामीण तक्त्यांतून आणि जनगणना-नगरांच्या यादीतून या २७ गावांची लोकसंख्या काढून त्यात मिळवावी लागेल. गावांच्या नावांची स्पेलिंगे तिथे दर पानाला बदलतात, त्यामुळे गावाच्या जनगणना-क्रमांकावरून शोधणे सोयीचे पडते.